मोतीलालचे अकरा बाण

पुणे,
२ सप्टेंबर २०२४

आप्पा, पाया पडते.

पोळ्याला आले नाही म्हणून मोठीआई फुगून बसली असेल. तिला सांगा, दिवाळीला चांगली आठ दिवस येते. फोन करावा तर तुम्ही कानाचं कारण सांगून तो मोठ्या आवाजावर ओट्यावर ठेवता आणि अर्ध्या गल्लीला माझं बोलणं ऐकू जातं. म्हणून पत्रच बरं. बत्तीस वर्षं लोकांची पत्रं वाटलेल्या लोटन पोस्टमनला स्वतःच्या नावाचं पत्र आलं की कसं वाटतं, तेही कळेल तुम्हाला.

वही मिळाली. आप्पा, काय काम केलंय तुम्ही! उन्हाळाभर लूनावर चौदा गावं फिरायची, कोणी कोणाला केळीचे कंद दिले ते घरोघर विचारायचं, हे आमच्या संस्थेतल्या एकालाही जमलं नसतं. आमच्या माणसांना लोक चहा पाजतात आणि वाटेला लावतात. एकशे अठ्ठेचाळीस नावं आणि दोनशे त्रेसष्ट देणीघेणी, चार दिवस बसून सगळं कॉम्प्युटरमध्ये भरलं.

आता मी काय करते ते सांगते, नाहीतर तुम्ही विचारून विचारून जीव घ्याल. प्रत्येक शेतकरी म्हणजे एक ठिपका. एकाने दुसऱ्याला कंद दिले की याच्यापासून त्याच्याकडे एक बाण. असं जाळं विणायची सोय पायथन नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत तयारच असते. केळीवरचा हरण्या रोग कंदातून जातो, म्हणजे तो बाणाच्या दिशेनेच जाणार. ज्याच्यापासून जास्त बाण निघतात तो जास्त धोक्याचा, हे कोणीही सांगेल. पण तेवढ्यावर भागत नाही. त्याने ज्यांना दिले, त्यांनी पुढे किती जणांना वाटले तेही बघावं लागतं. त्यांच्या बाणांची सरासरी काढायची. तिला आम्ही शेजाऱ्यांची सरासरी म्हणतो. एक ओळ लिहिली की प्रोग्राम सगळ्यांची काढून देतो. फक्त निघणारे बाण धरायचे की येणारे, हे आपण त्याला नीट सांगायचं. तो आपल्या मनाने काही विचारत नाही, हीच भीती असते.

सोळा तारखेला संस्थेच्या मॅडमना बारा नावांची यादी द्यायची आहे. ग्रामसभांमध्ये ठराव झालाय तो तुम्हाला माहीतच आहे. ज्याने कंद फक्त घेतले, त्याच्या बागेतली रोगट दिसतील तेवढीच झाडं उपटायची. पण ज्याने वाटले, त्याच्या बागेत रोग सापडला तर सगळी बाग काढायची, कारण ऑक्टोबरच्या लागवडीला लोक पुन्हा त्याच्याकडूनच नेतील. एक नाव चुकलं तर कोणाची तरी उभी बाग जाईल.

पहिलं नाव आलंय मोतीलाल. अकरा बाण निघतात त्यांच्यापासून, आणि शेजाऱ्यांची सरासरीही भरपूर. कोण हे? मी तरी त्यांना कधी पाहिल्याचं आठवत नाही. एवढे मोठे बागाईतदार आहेत का? लगेच लिहा.

तुमची,
भूमिका

*

घरून,
५ सप्टेंबर

बेटा भूमिका,

पत्र आजच मिळालं आणि आजच लिहायला बसलो. नवीन पोस्टमन पोरगा गाडी न थांबवता पाकीट ओट्यावर फेकतो. माझ्या वेळी असं कोणी केलं असतं तर मीच त्याची तक्रार केली असती.

तुझी मोठीआई फुगलेली नाही, ती काळजीत आहे. ‘पोरगी येळवर जेवस का नही, इचारा,’ असं तिने तीनदा सांगितलं. विचारलं बरं का.

तुझं ते शेजाऱ्याचं गणित दोनदा वाचलं. आमच्याकडे शेजारी म्हणजे ज्याची म्हैस आपल्या अंगणात शेण टाकते तो. तुझा शेजारी तापीच्या पलीकडचाही चालतो म्हणे. चालू दे. शिकलेल्या माणसांचं सगळं निराळंच.

मोतीलाल नदीच्या अंगाला राहतो. माणूस सरळ आहे. याहून जास्त काय लिहू?

तू यादी केली आहेस तर एक सांग. तुझ्या कामिनीताईच्या सासरचं काय निघालं? जावईबापूंचं, म्हणजे भूपेंद्ररावांचं नाव वर आहे की खाली? आणि माझं? परसात चाळीस खोडं आहेत माझी, म्हणून आपलं विचारतो. तुला माहीत आहे, कामिनी दीड वर्ष माहेरी बसून होती आणि किती मिनतवाऱ्या करून परत नांदायला गेली. दोन वर्षं झाली, आता कुठे तिच्या सासूच्या तोंडून तिच्याबद्दल सरळ शब्द निघतो. त्या घरात आपल्या बाजूने काही वाईट जायला नको एवढंच माझं म्हणणं. तुला कळतं सगळं, तू शहाणी आहेस.

पत्राचं उत्तर लवकर दे. फोन करू नकोस.

आप्पा

*

पुणे,
९ सप्टेंबर

आप्पा, पाया पडते.

मोठीआईला सांगा, जेवते. मेसची भाजी बघितली तर ती इथे येऊन आचाऱ्याला बडवेल, पण जेवते.

तुम्ही उगाच घाबरलात. भूपेंद्र जिजाजी यादीत नाहीतच. त्यांच्यापासून एकच बाण निघतो आणि तोही तुमच्याकडे येतो. आणि तुमच्यापासून तर एकसुद्धा निघत नाही! आमचे आप्पा आयुष्यात कोणाला एक कंद देत नाहीत, असं पायथनचं म्हणणं आहे. मोठीआईला वाचून दाखवा, ती खूश होईल.

पण आप्पा, मला मात्र काहीतरी खटकतंय, आणि ते डोक्यातून जात नाही. जिजाजींकडे तेवीस बाण येतात. तेवीस! वीस एकर केळी असलेला माणूस दोन-दोन एकरवाल्या तेवीस घरांकडून कंद कशाला मागून आणेल? बरं, सगळं जाळंच तसं दिसतंय. कंद देणारे थोडे आणि घेणारे पुष्कळ असं असायला हवं ना? इथे देणारे ढीगभर आणि घेणारे मोजकेच. मी सरासरी चारही तऱ्हांनी काढून पाहिली. निघणाऱ्यांना निघणारे, निघणाऱ्यांना येणारे, येणाऱ्यांना निघणारे, येणाऱ्यांना येणारे. जितके जास्त बाण तितके शेजारी कसे बदलतात, त्याचा आलेखही काढला. प्रोग्राममध्ये चूक सापडत नाही आणि आकडे मनाला पटत नाहीत.

मॅडम म्हणाल्या, गावाकडची तऱ्हा वेगळी असेल, ज्याने वही भरली त्याला विचार. म्हणून विचारते. जिजाजींनी खरंच तेवीस जणांकडून कंद घेतले का? तुम्ही ‘हो’ म्हणालात तर सोळाला यादी देते. नाही म्हणालात तर मॅडमच्या शिव्या खाईन पण थांबवीन. आप्पा, मस्करी न करता लिहा.

भूमिका

*

घरून,
१२ सप्टेंबर

बेटा,

मस्करी नाही करत.

जावईबापूंना पहिल्यापासून हौस आहे. कोणाची केळ गोड, कोणाची लांब, असं बघून त्यांनी घरोघरचे कंद जमवले. मोठ्या माणसाचे छंद असतात. त्यात खटकायचं काय? तू फार खोदत बसतेस, लहानपणी घड्याळ उघडून बसायचीस तशी.

तुझ्या मॅडमना सांग, वही भरणाऱ्याने हो म्हटलंय. यादी देऊन टाक आणि मोकळी हो.

इकडे हवा ढगाळ आहे, मावा वाढतोय. गणपतीत कामिनी येऊन गेली. अंगाने भरली आहे थोडी. हसत होती. तिच्या सासूने तिच्याबरोबर शेवेचा डबा पाठवला होता, लग्नाला नऊ वर्षं झाली त्यात पहिल्यांदा.

माझी तब्येत बरी आहे. जेवण जात नाही एवढंच. वयाचं असेल.

आप्पा

*

पुणे,
२१ सप्टेंबर

आप्पा,

हे पत्र स्पीड पोस्टने पाठवते. तीन वेळा फोन केला. तुम्ही ‘ऐकू येत नाही’ म्हणून ठेवून दिलात. तर आता शांतपणे वाचा.

सोळा तारखेला मी यादी दिली. अठराला आमची माणसं मोतीलालकाकांच्या बागेत गेली. साडेपंधराशे झाडांत सहा झाडांच्या पानांवर पिवळ्या रेघा सापडल्या. ते यादीत पहिले, म्हणजे वाटणारे, म्हणून सगळी बाग काढायची असं ठरलं. बांधावर चुन्याच्या खुणा केल्या. शुक्रवारी सत्तावीसला सकाळी मजूर जाणार आहेत.

काल त्यांचा अर्ज शहाद्याच्या गाडीने इथे ऑफिसात आला. अक्षर बघताच ओळखलं. तुम्हीच लिहून दिलात ना? अजूनही सगळी वस्ती अर्ज लिहायला तुमच्याकडेच येते हे मला माहीत आहे. त्यात लिहिलंय, ‘मी यंदा पहिल्यांदाच केळी लावली. माझ्याजवळ बेणे नव्हते. अकरा घरी जाऊन उरलेसुरले कंद मागून आणले. मी आजपर्यंत कोणालाही एकही कंद दिलेला नाही.’

मी अकरा हा आकडा वाचला आणि अर्ज पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग पाकीट उलटून पाहिलं. ज्याला पोचवायचं त्याचं नाव ठळक, आधी. पाठवणाऱ्याचं नंतर, खाली कोपऱ्यात. आप्पा, तुम्ही वहीही तशीच लिहिलीत का? आधी ज्याला कंद पोचले तो, मग ज्याने पाठवले तो? बत्तीस वर्षांची सवय तुमची. वहीच्या पानांवर वर काहीच मथळा नव्हता. आणि मी शहाणी, न विचारता पहिलं नाव देणाऱ्याचं धरून बसले. दोनशे त्रेसष्टच्या दोनशे त्रेसष्ट बाण उलटे!

सगळे बाण फिरवून पुन्हा गणित केलं. मोतीलालकाकांपासून एकही बाण निघत नाही. जिजाजींपासून तेवीस निघतात. आणि शेजाऱ्यांच्या सरासरीत सगळ्यांत वर कोण, सांगू? तुम्ही. तुमच्यापासून एकच बाण निघतो, पण तो ज्यांच्याकडे जातो त्यांच्यापासून तेवीस निघतात. नुसते बाण मोजले असते तर तुम्ही कधी दिसलाच नसतात.

मला रडू येतंय. जिजाजींनी तेवीस घरांचे कंद जमवले असं तुम्ही लिहिलंत ते कसं, तेच कळत नाही. तुम्हाला कोणी तसं सांगितलं असेल, किंवा माझा प्रश्नच तुमच्या लक्षात आला नसेल. अर्ज लिहिलात म्हणून तर मला कळलं, नाहीतर कोणाला पत्ता लागला नसता.

मी मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, अर्ज करणारा तर असंच म्हणणार, आणि पाकिटावरून आपण बाग वाचवू शकत नाही. यादी अंदाजाने फिरवली तर चौदा गावांत आपलं कोणी ऐकणार नाही. ज्याने वही भरली त्याची सही हवी. एक ओळ लिहा, आप्पा. ‘पहिलं नाव घेणाऱ्याचं आहे.’ खाली सही. शहाद्याला जाऊन कोणाकडूनही मोबाइलवर फोटो काढून पाठवा, चालेल. गुरुवारपर्यंत मिळालं तर थांबतं.

जिजाजींची बाग जाईल हे मला दिसतंय. ताईच्या सासूचं काय होईल तेही दिसतंय. पण मोतीलालकाकांनी काय केलंय हो?

भूमिका

*

पुणे,
२५ सप्टेंबर, दुपार

आप्पा,

हे शहाद्याच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे देते. स्टँडवरून कोणीतरी तुमच्यापर्यंत पोचवेल.

फोटो आला नाही. सकाळी मोठीआईने फोन उचलला. म्हणाली, ‘तुन्हा आप्पा कपडा घालीसन वट्टावर बठेल शेतस, उठतच नहीत.’ उजाडल्यापासून असंच चाललंय म्हणे. पत्र मिळालं का विचारलं तर म्हणाली, खिशात आहे.

उद्या गुरुवार. एक ओळ, आप्पा. तुम्ही लिहिली नाहीत तरी मी परवा मॅडमसमोर उभी राहून सांगणार आहे की चूक माझी आहे. पण माझ्या सांगण्याने मजूर थांबणार नाहीत. तुमच्या सहीने थांबतील.

तुम्हाला राग आला असेल तर मला दोन थोबाडीत मारा. पण लिहा. हात जोडते.

भूमिका

*

घरून,
२८ सप्टेंबर

भूमिका,

तुझं एकवीस तारखेचं पत्र मंगळवारी मिळालं. त्याच दुपारी तू सांगितलीस ती ओळ लिहिली. खाली सही केली, तारीख घातली. मग घडी करून खिशात ठेवली. बुधवारी शहाद्याला जायला निघालो आणि ओट्यावरच बसलो. गुरुवारीही बसलो. ड्रायव्हरकडची चिठ्ठी आली, तीही त्याच खिशात गेली. दुसऱ्याचं पत्र मी एक दिवस कधी ठेवून घेतलं नाही.

तुला वाटलं माझ्या लक्षात आलं नाही. बेटा, तुझं पहिलंच पत्र वाचलं तेव्हाच आलं होतं. ‘मोतीलालपासून अकरा बाण निघतात’ हे वाचून मी हसलो. पोरीने वही उलटी वाचली म्हणून मोठ्याने हसलो. तुझ्या मोठीआईला सांगायला आत निघालो आणि दारातच थांबलो. उलटी वाचली म्हणून तर जावईबापूंचं नाव खाली गेलं असेल, हे मनात आलं. नीट वाचली की ते वर येणार. आणि त्यांना कंद कोणी दिले, तर मी.

कामिनीला नांदायला पाठवताना तिच्या सासरी काय न्यावं ते सुचेना. साडीचोळी झाली होती, भांडी झाली होती. जावईबापू नवीन बाग लावत होते. मी परसातून शंभर-सव्वाशे कंद काढून दिले. म्हटलं, माहेरचं बेणं सासरी रुजलं तर पोरही रुजेल. तेव्हा माझ्या दोन खोडांवर पिवळ्या रेघा होत्या. मला दिसल्या होत्या. खताची कमतरता असेल असं मी माझ्याच मनाला सांगितलं, कारण रिकाम्या हाताने पोर पाठवायची नव्हती.

म्हणून तेवीस घरांचा छंद मी रचला. कोणी सांगितलं नव्हतं मला. थापच मारली ती, तीही तुला, जिला मी अक्षर गिरवायला शिकवलं. तुला काय वाटायचं ते वाटू दे.

काल सकाळी लूना काढली. नदीच्या अंगाला पोचलो तेव्हा मजूर सातलाच लागले होते. कमरेएवढी झालेली केळी, कुदळीचे दोन घाव घातले की आडवी. चार ओळी संपून पाचवी चालू होती. मोतीलाल बांधावर उभा होता. त्याची बायको रूपलीबाई पडलेली झाडं उचलून एका बाजूला लावत होती, जशी काही पुन्हा लावायची आहेत. मी लूना तशीच आडवी टाकली आणि ओरडलो. म्हाताऱ्याचा आवाज, कोण ऐकतो? मग मधे जाऊन उभा राहिलो. तुमच्या संस्थेच्या मुलाला म्हटलं, वही माझी आहे. पहिलं नाव घेणाऱ्याचं आहे. हा माणूस घेणारा आहे. खिशातला कागद दिला त्याला. त्याने तारीख बघितली. मंगळवारची. मग माझ्याकडे बघितलं. त्याने फोन लावला आणि कुदळी थांबवल्या.

सव्वाचारशे झाडं गेली होती. बाकी उभी आहेत. रोगट सहा झाडं त्या गेलेल्यांतच होती.

तिथून सरळ कामिनीच्या गावी गेलो. जावईबापूंना ओट्यावर बसवून सगळं सांगितलं. आतून विहीणबाईंचा आवाज आला, ‘माहेरनं दिन्हं, ते बी रोगट!’ हेच ऐकायला नको म्हणून मी तीन आठवडे जगलो आणि शेवटी कामिनीला तिच्याच दारात ऐकायला लावलं. ती दाराआड उभी होती. पाणी तिने आणलं नाही, नोकराने आणलं. भूपेंद्रराव मात्र म्हणाले, सोमवारी बाग काढायला माणसं पाठवा. माणूस म्हणून ते माझ्यापेक्षा बरे निघाले. कामिनीचं काय होईल ते मला माहीत नाही. तू तिला फोन कर. माझा ती उचलत नाही.

परसातली चाळीस खोडं मी आल्यावर उपटली. दोन वेळा घेरी आली. तुझी मोठीआई कुदळ हातातून काढून घेत होती, मी दिली नाही.

आता मोतीलालचं लिहितो. ते लिहायलाच हे पत्र घेतलं आणि तेच टाळत इथपर्यंत आलो.

कुदळी थांबल्यावर मजूर पाणी प्यायला गेले. मोतीलाल माझ्याजवळ आला. मला वाटलं, धरेल माझी गचांडी. धरली असती तर बरं झालं असतं. त्याने माझी लूना उभी करून स्टँडवर लावली. आरशाला लागलेली माती पुसली. मग माझ्यासमोर उकिडवा बसला.

‘आप्पा, तुमले हाई कव्हयपासून माहीत व्हतं?’

मी म्हटलं, बावीस दिवस झाले.

तो बोटांवर मागे मागे मोजत गेला. अठरा तारखेला चुना मारला, एकोणीसला तो माझ्या ओट्यावर आला होता. तू वाचलास तो अर्ज तेव्हाचा. तो रडत सांगत होता आणि मी लिहीत होतो. मधेच त्याने ‘आप्पा, मन्हं काय चुकनं?’ म्हणून विचारलं होतं आणि मी त्याला ‘पुढे सांग’ म्हटलं होतं. मोजता मोजता तो तिथे येऊन थांबला. वर बघितलं माझ्याकडे.

‘अर्ज लिखताना बी?’

मी हो म्हटलं.

लोटन